मदतीचा ट्रक अडतो कुठे?

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, आधी कळमन्याच्या धान्यबाजाराच्या भाषेत हिशोब मांडू. माणशी रोज २१०० किलोकॅलरी धरून मदतीचं रेशन बांधतात. सुदानमध्ये ते साधारण असं: ज्वारी ४५० ग्रॅम, डाळ ५०-६० ग्रॅम, तेल ३० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम आणि वर जमलं तर थोडं पोषक पीठ. पीठ सोडलं तरी साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास जातं. एक लाख लोकांची छावणी म्हणजे रोज ५५ टन, महिन्याला १६५० टन. तीस टनी ट्रक धरले तर ५५ गाड्या. कळमना मार्केटातल्या जुन्या आडत्याला हा आकडा सांगा, त्याला घाम फुटणार नाही. एवढा माल जगात आहे, गाड्याही आहेत. तरी १ ऑगस्ट २०२४ ला सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं जाहीर करावं लागलं.

‘दुष्काळ’ हा शब्द तिथे आपल्या आणेवारीसारखा वापरत नाहीत. किमान वीस टक्के घरांत अन्नाची टोकाची टंचाई, तीस टक्के मुलं तीव्र कुपोषित आणि दहा हजारांत रोज दोन मृत्यू, असे त्याचे तीन उंबरठे आहेत. म्हणजे जाहीर होईपर्यंत बरीच माणसं गेलेली असतात.

सुदानमधलं हे युद्ध सुरू झालं १५ एप्रिल २०२३ ला. एका बाजूला जनरल बुरहान यांचं लष्कर, दुसऱ्या बाजूला हमदान दगालो ऊर्फ हेमेदती यांचं निमलष्करी दल. बंदर पूर्वेला, पोर्ट सुदानला. तिथून पश्चिमेचा दारफूर हजार किलोमीटरहून लांब, आणि वाटेत आघाड्या. शेजारच्या चाडमधलं अद्रे हे ठाणं मात्र दारफूरच्या अगदी उंबऱ्यावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्कराच्या बाजूच्या सरकारने ते बंद केलं. कारण दिलं की चाडमधून शत्रूला शस्त्रं येतात. ही तक्रार अगदीच हवेतली नव्हती, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीही तसे आरोप विश्वासार्ह मानले होते. पण शिक्षा झाली ती ज्वारीला. उत्तरेकडचा टिने हा पर्याय दिला गेला, पण पुढे पावसाळा आला. अद्रेतून पुन्हा ट्रक निघाले २० ऑगस्टला, ऐन पावसात. तिथल्या वाड्या म्हणजे एरवी कोरडे असणारे ओढे. त्यांना पूर आला की रस्ता संपतो, आणि गाड्या तिथेच रुतून बसल्या. जूनच्या आत माल आत नेऊन साठवायचा असतो, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. परवानगीचा एक कागद सहा महिने उशिरा आला की त्याची भरपाई दुप्पट ट्रकांनी होत नाही.

कायदा काय म्हणतो? १९४९ च्या जिनिव्हा करारांतलं सामायिक कलम ३ यादवी युद्धालाही लागू आहे. पण त्यात निःपक्ष संस्था आपली सेवा ‘देऊ करू शकते’, एवढंच आहे. १९९१ च्या आमसभेच्या ठराव ४६/१८२ मध्ये मदतीला त्या देशाच्या संमतीची चौकट आली. सीरियासाठी सुरक्षा परिषदेने २०१४ मध्ये दमास्कसमधल्या सरकारच्या संमतीविना चार सीमाठाणी उघडली. २०२० पर्यंत त्यातलं एकच उरलं आणि जुलै २०२३ मध्ये रशियाच्या नकाराधिकाराने तीही सोय संपली. कायदा लंगडा आहे असं माझं मत आहे. तरी कुबडी म्हणून तो लागतोच.

संमती नसेल तर विमानातून टाका, असं सभेत हमखास कुणीतरी म्हणतं. आपणच टाकलंय की! १९८७ मध्ये जाफन्याकडे निघालेल्या भारतीय बोटी श्रीलंकेच्या नौदलाने ३ जूनला परत पाठवल्या. दुसऱ्या दिवशी पाच एएन-३२ विमानांनी, मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात, सुमारे २५ टन माल टाकला. आता आपला मघाचा हिशोब लावा: २५ टन म्हणजे पंचेचाळीस हजार माणसांचं एका दिवसाचं रेशन. पोट भरायला ते नव्हतंच, तो कोलंबोला दिलेला निरोप होता. २९ जुलैला भारत-श्रीलंका करार झाला, हेही खरं. धान्य टाकताना गोणी दुहेरी-तिहेरी घालतात, नाहीतर आपटून फुटते. तेलाला खास वेष्टण किंवा पॅराशूट लागतं. खाली मैदान मोकळं करायला माणसं आधीच हजर हवीत. खर्च रस्त्याच्या कितीतरी पट. १९८९ पासून दक्षिण सुदानसाठी सरकार आणि बंडखोर दोघांशी बोलून मोठी मोहीम चालली, केनियातल्या लोकिचोगियोहून. तिथेही उड्डाणाला खार्तूमचा, म्हणजे सुदान सरकारचा, होकार लागायचा. १९९८ मध्ये दक्षिणेतल्या बाहर-अल-गझलमध्ये उपासमार असताना नेमकी उड्डाणंच रोखली गेली.

आता ट्रक पोहोचला असं समजू. खरी गोची पुढे. ज्वारी अख्खी देतात, कारण पीठ टिकत नाही. सुदानी बाई ती दळून, आंबवून तव्यावर पातळ किसरा घालते, किंवा घट्ट असीदा रटरटवते. आपल्या आंबिलाची नि धिरड्याची चुलतभावंडं म्हणा. पण चक्कीला डिझेल लागतं आणि दळणाला पैसे. पैसे नसतात, म्हणून ती दोन वाट्या ज्वारी विकते. सरपण विकत घ्यायला अजून एक. अहवालात याची नोंद होते ‘मदतीची विक्री’! दळणाची रक्कम रेशनसोबत दिली तर ही विक्री बरीच थांबते. दुसरी गळती मापात. पन्नास किलोचा कट्टा चार घरांत वाटायचा, माप म्हणून पोचा पडलेला डबा. दर डब्याला पन्नास ग्रॅम कमी भरले तर महिनाअखेर कुणाचं तरी घर दोन दिवस उपाशी. म्हणून रांगेच्या तोंडाशी ताणकाटा टांगावा, आणि रेशनचा आकडा चित्रासह फलकावर लिहावा.

जिथे ट्रकच जात नाही, तिथे वस्तीतल्या तरुणांचे ‘आपत्कालीन खोल्या’ नावाचे गट सामुदायिक चुली चालवतात. पैसे येतात बँकक नावाच्या मोबाइल अ‍ॅपवर; दुकानदार उधार देतो, कढई चढते. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर नेटवर्क गेलं आणि शेकडो चुली विझल्या. धान्य बाजारात होतं, पैसे फोनमध्ये अडकले होते. उपग्रह-इंटरनेटच्या ताटल्यांवर काही ठिकाणी ते पुन्हा सुरू झालं.

शांततेच्या बाजूने पाहिलं तर ११ मे २०२३ ला जेद्दामध्ये सुदानच्या दोन्ही लढणाऱ्या पक्षांनी नागरिकांना वाचवण्याची आणि मदत जाऊ देण्याची लेखी हमी दिली. मोडली कुणी, हे तपासणारी यंत्रणा मात्र नव्हती. धान्याची वाटाघाट शस्त्रसंधीच्या टेबलावर ठेवू नये असं म्हणतात ते यासाठीच: तह मोडला की धान्यही त्याच्यासोबत जातं.

शेवटी मुलांचं. दंडाला रंगीत फीत लावतात. ११५ मिलिमीटरच्या खाली घेर आला तर अतितीव्र कुपोषण. उपचार म्हणजे शेंगदाणा, दूधभुकटी, साखर, तेल यांचं ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० किलोकॅलरीचं. न शिजवता, पाणी न मिसळता खाता येतं. एका खोक्यात १५० पाकिटं. सहा-आठ आठवड्यांत एका मुलाला साधारण तेवढी लागतात. पण घरी चार भावंडं उपाशी असली तर कुठली आई एकालाच पाकीट देईल? ती वाटून देते, आणि महिन्याने फीत तिथेच. म्हणून खोक्याबरोबर घरच्या सगळ्यांची ज्वारी त्याच दिवशी, त्याच दारातून द्यावी लागते.