असह्य म्हणायचं की अक्षम्य

(बडोद्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकू एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. रात्री काकांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना एका दवाखान्यात नेलं होतं. तिथे साडेतीन तास बाकावर बसवून ठेवलं, कुणी हातसुद्धा लावला नाही. काका वाचले, हे नशीब. काकूंनी तक्रार मराठीत लिहिली होती आणि तिचं इंग्रजी मी करून द्यायचं होतं. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईकडे अशी कामं येतातच. काकूंचं वाक्य होतं, ‘त्यांचे हाल मला बघवत नव्हते.’ मी त्याला शब्द दिला, अनबेअरेबल. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पुढे काही नाही.

ते उत्तर वाचताना माझ्या लक्षात आलं की चूक माझ्या हातून झाली होती. काकूंना मनस्ताप झाला, एवढंच माझं पत्र सांगत होतं. दवाखान्यानं जे केलं त्याला मी नावच दिलं नव्हतं. मग दिलगिरीही मनस्तापापुरतीच आली. आज मी बोलायला उभी आहे ती त्या एका विशेषणामुळे.

इंग्रजीत सोसवत नाही अशा गोष्टींसाठी तीन शब्द नेहमी कानावर पडतात: अनबेअरेबल, इनटॉलरेबल, इनसफरेबल. आपले शब्दकोश तिन्हींसमोर ‘असह्य’ लिहून मोकळे होतात. पण त्यांच्या पोटात शिरून पाहा. ‘बेअर’ म्हणजे वाहून नेणं. ‘सफर’मधला ‘फर’ लॅटिनमधून आला, त्याचाही अर्थ वाहणं. ‘सफर’ म्हणजे ओझ्याखाली राहून ते वाहणं. आणि या दोन्हींचं सख्खं भावंड आपल्या घरात आहे: संस्कृतातला ‘भृ’ धातू, ज्यातून आपला ‘भार’ आला. ‘टॉलरेट’चं नातं ‘तुला’शी लागतं, म्हणजे आपल्या तोलण्याशी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर त्याच आनंदात होते. हजारो कोसांवरच्या भाषा, आणि दुःख म्हटलं की सगळ्यांना आठवतं ते खांद्यावरचं ओझं.

शब्द भाराचा आहे म्हणून तो खांद्याबद्दल बोलतो. ओझं कुणी टाकलं, ते टाकायचा त्याला काय अधिकार होता, हे तो विचारत नाही. उकाडा अनबेअरेबल असतो, दाढदुखी असते, पुत्रशोक असतो. उकाड्याला जाब कोण विचारणार?

मराठीत तर आपण विशेषणापाशीही थांबत नाही, थेट क्रियापदात शिरतो. बघवत नाही, ऐकवत नाही, सोसवत नाही, राहवत नाही. काय ताकदीची रूपं आहेत ही! इंग्रजीला एवढ्यासाठी चार शब्द जुळवावे लागतात. पण या प्रत्येक रूपामागे ‘मला’ किंवा ‘माझ्यानं’ उभं असतं. वाक्य सोसणाऱ्याचं होतं आणि करणारा त्यातून निसटतो. काकूंच्या वाक्यात तेच झालं होतं. मराठीत ते चाललं, कारण ऐकणारा माणूस समोर होता आणि काकूंचा चेहरा त्याला दिसत होता. इंग्रजी पत्राला चेहरा नव्हता.

इनटॉलरेबल थोडा निराळा आहे. त्यात सोसण्याची ताकद संपल्याइतकाच सोसायचं नाही हा निश्चयही ऐकू येतो. अमेरिकेतल्या वसाहतीतल्या लोकांनी बोस्टनच्या बंदरात ब्रिटिशांचा चहा बुडवला म्हणून १७७४ साली ब्रिटिश पार्लमेंटनं ते बंदरच बंद करणारा कायदा केला, त्याच्या जोडीला आणखी कडक कायदे केले. अमेरिकेतली पाठ्यपुस्तकं त्यांना आजही ‘इनटॉलरेबल अ‍ॅक्ट्स’ म्हणतात. तिथे मराठीत ‘असह्य कायदे’ म्हटलं तर अंगदुखीसारखं वाटतं. आपल्याकडे त्यासाठी फार नेमकं क्रियापद आहे: खपवून घेणार नाही. इनसफरेबल बहुधा माणसांना लावतात, घमेंडखोर, स्वतःचंच घोडं पुढे दामटणाऱ्या माणसांना. तो डोक्यात जातो, असं आपण म्हणतो. त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता दुसरं घराणं, ज्याचं समर्थनच करता येत नाही अशा कृत्यांसाठीच्या शब्दांचं. इनएक्स्क्यूजेबल, अनजस्टिफाएबल, इनडिफेन्सिबल, अनटेनेबल, अनकॉन्शनेबल. इथे सोसणारा बाजूला झाला आणि करणारा मध्ये आला. अनटेनेबल पूर्वी किल्ल्याबद्दल म्हणत, जो आता राखता येणार नाही असा किल्ला. आज तो शब्द एखाद्याची बाजू राखता येत नाही तेव्हा वापरतात. इनडिफेन्सिबलही त्याच तटावरचा.

पण माझा जीव अडकलाय तो अनकॉन्शनेबलमध्ये. कॉन्शन्स म्हणजे आतला आवाज. जे करताना स्वतःच्या मनालाच लाज वाटायला हवी, ते अनकॉन्शनेबल. हा शब्द आपल्या भारतीय करार कायद्यात आहे, १८७२ सालच्या, कलम १६ मध्ये. तिथे उदाहरण आहे गावच्या सावकाराचं. कर्जात बुडालेला माणूस त्याच सावकाराकडून पुन्हा कर्ज घेतो, आणि अटी अशा की त्या अनकॉन्शनेबल दिसतात. मग कायदा म्हणतो, या माणसावर आपण गैरदबाव आणला नाही, हे सावकारानं सिद्ध करावं. एका विशेषणानं सिद्ध करण्याचा भार कर्जदाराच्या डोक्यावरून सावकाराच्या डोक्यावर गेला. कर्जदाराला किती सोसावं लागलं, हे इथे कुणी विचारतही नाही.

हे सगळं मी बडोद्यात बोलते आहे, म्हणून इथलीच एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कोलंबिया आणि लंडनला शिकून डॉ. आंबेडकर १९१७ साली संस्थानाच्या नोकरीवर इथे आले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून उतरले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेऊन डझनभर माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, कुणी घरात घेतलं नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले तास त्यांनी आपल्या कमाटीबागेत बसून काढले. अठरा वर्षांनंतरही काठ्यांसमोर उभं राहण्याचा तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येतं, असं त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवलंय.

ती संध्याकाळ त्यांच्यासाठी अनबेअरेबल होती, असं आपण म्हणतो आणि हळहळतो. मी स्वतः वर्गात कितीदा तसंच सांगितलंय. पण त्यांना काय वाटलं हे सांगायला ते समर्थ होते, त्यांनी ते सांगितलंही. बाकीच्या शहराला, म्हणजे आपल्याला, तो शब्द वापरायचा हक्क नाही. आपला शब्द दुसऱ्या घराण्यातला आहे, इनएक्स्क्यूजेबल. बागेतल्या त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. तिथे उभं राहून जे लोक ‘किती सोसलं त्यांनी’ म्हणतात, त्यांना मला दर वेळी थांबवावंसं वाटतं.

मराठीत यासाठी शब्द नाही का? आहे, ‘अक्षम्य’. आणि तो विलक्षण शब्द आहे. ‘क्षम्’ धातूचा अर्थ सोसणं असाही होतो आणि माफ करणं असाही. पृथ्वीला ‘सर्वंसहा’ म्हणतात, ‘क्षमा’ही म्हणतात, ते याच पोटी. म्हणजे इंग्रजीनं जी दोन घराणी वेगळी मांडली, ती या एका धातूत एकत्र नांदतात. आज मात्र ‘अक्षम्य’ म्हटलं की बोट करणाऱ्याकडेच वळतं, सोसणाऱ्याकडे नाही. वर्तमानपत्रांनी ‘अक्षम्य दुर्लक्ष’ म्हणून म्हणून तो गुळगुळीत केलाय, तरी त्याची धार गेलेली नाही.

काकूंना मी पत्र नव्यानं लिहून दिलं. बघवत नव्हतं, हे वाक्य काढलं नाही. ते त्यांचं होतं. फक्त खाली नेलं. वर लिहिलं, छातीत दुखणारा माणूस इतके वाजून इतकी मिनिटं ते इतके वाजून इतकी मिनिटं आपल्या बाकावर होता, आणि हे इनएक्स्क्यूजेबल आहे. काकूंनी विचारलं, या शब्दाचा अर्थ काय? मी म्हटलं, अक्षम्य. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘हो, हेच म्हणायचं होतं मला,’ आणि सही केली.