कोणाला ॲडमिट केलंय?

नमस्कार श्रोतेहो.

सकाळचे सहा वाजले असतील. जिंतूरच्या स्टँडवर मी बॅग घेऊन उभी होते. आमच्या गल्लीतल्या एक मावशी दूध घालून परत चालल्या होत्या. मला बघून थांबल्या, जवळ आल्या आणि आवाज खाली करून विचारलं, "काय झालं गं? कोणाला ॲडमिट केलंय?"

म्हटलं, "कोणालाच नाही मावशी. संभाजीनगर बघायला चाललेय."

"कोणासंगं?"

"एकटीच."

त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "खरं सांग बाई, घरी काही झालंय का?"

मावशींचं काहीच चुकलं नाही. आपल्या भागातली बाई बॅग घेऊन शहराच्या गाडीत बसते ती कशासाठी? दवाखाना, कोर्टाची तारीख, पोराची ॲडमिशन, नाहीतर लग्नाचा बस्ता. मीही अशीच अकरा वेळा संभाजीनगरला जाऊन आले होते. आमचे मामंजी घाटी दवाखान्यात एकोणीस दिवस होते, तेव्हा मी त्यांच्या उशापाशी होते. तिथून पाणचक्की चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मकबराही फार लांब नाही. पण एकोणीस दिवसांत मी पाहिलं काय, तर वॉर्ड, औषधाचं दुकान आणि चहाची टपरी. तेव्हा दुसरं काही बघायचं मनातही आलं नाही, येणारही नव्हतं. पण मामंजी गेल्यावर कित्येक वर्षं मला त्या शहराचं नाव काढलं की फिनाईलचा वास यायचा. ज्या शहराला लोक लांबलांबून बघायला येतात, ते माझ्या मनात नुसता दवाखाना होऊन बसलं होतं.

मी शिवणकाम करते. सव्वीस वर्षं झाली. मशीनवर बसले की शेजारी रेडिओ चालू. आज तुमच्यापैकी कोणी मशीनवर असेल, कोणी चुलीपुढं असेल, कोणी कापूस वेचताना मोबाईलवर हे ऐकत असेल. तुमच्याशीच मला बोलायचंय.

घरी सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "दिवाळीनंतर सगळेच जाऊ." सगळे मिळून जाण्यात आनंद आहेच. पण सगळ्यांबरोबर गेलं की बाई डबा सांभाळते, चपला सांभाळते, पोरं मोजते. मला तीन दिवस फक्त बघायचं होतं. ते समजले. स्टँडवर सोडायलाही तेच आले.

जिंतूर, मंठा, वाटूर फाटा, जालना आणि पुढं संभाजीनगर. एसटीत आपल्याला, बायकांना, २०२३च्या मार्चपासून निम्मं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीत आहे. माहेरी जाताना आपण ते वापरतो. तेच निम्मं तिकीट बघायला जातानाही चालतं, ही गोष्ट मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

पहिली अडचण मुक्कामाची आली, ती झाकून ठेवत नाही. एका लॉजवर खोली मागितली. मॅनेजरनं रजिस्टर उघडलं, माझ्यामागं पाहिलं आणि विचारलं, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर रजिस्टर मिटलं. "एकट्या लेडीजला आम्ही देत नाही." माझ्या हातात आधार कार्ड होतं, पैसे होते, वय अठ्ठेचाळीस. डोळ्यांत पाणी आलं, रागानं आलं. बाईनं एकटीनं खोली घेऊ नये असा कुठलाही कायदा नाही. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवर एक मुलगी होती. तिनं आधारची झेरॉक्स घेतली, किल्ली दिली आणि म्हणाली, "काकू, गरम पाणी सहा ते नऊ." एवढं साधं असतं ते. म्हणून निघायच्या आधी फोन लावून स्पष्ट विचारा, की एकट्या बाईला खोली देता का. खोलीत गेल्यावर कडी बघा. आणि मोबाईलमध्ये दोन नंबर ठेवा, ११२ आणि महिलांसाठीचा १८१.

दुपारी मकबऱ्याला गेले. बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली, तिची ही कबर. सगळे त्याला ताजमहालाशी मापतात आणि कमी भरला म्हणतात. मला ते बरं वाटत नाही. मी जवळ जाऊन हात लावून पाहिला. खाली कमरेपर्यंत संगमरवर, वर घुमट संगमरवराचा आणि मधल्या अंगाला आपल्याच काळ्या दगडावर गुळगुळीत गिलावा. हे मला लगेच कळलं. गिऱ्हाइकाकडं जरीची पट्टी कमी असली की आपण ती काठाला लावतो, पदराला लावतो आणि अंगाला साधं सूत ठेवतो. नीट जमलं की लुगडं सुंदरच दिसतं. तसंच आहे ते.

आत कबर खालच्या अंगाला आहे. वरून संगमरवरी जाळीच्या कठड्यापाशी उभं राहून खाली बघायचं. त्या जाळीपाशी मी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. दगडाला भोकं पाडून नक्षी केली आहे आणि प्रत्येक भोकाची कड घासलेली. कोपरा कुठं फाटलेला नाही. काज करताना कोपऱ्यावर हात कसा थरथरतो, ते शिवणारीला विचारा. कोणी बरोबर असतं तर "चला आता" म्हणालं असतं. कोणी नव्हतं, म्हणून मी उभी राहिले.

बाहेर पडताना एक गाईड पाहुण्यांना मोठ्या दरवाजावरचा लेख दाखवत होते. मी मागं थांबून ऐकलं. पितळी पत्रा मढवलेल्या त्या दरवाजावर बांधणाऱ्यांची नावं आहेत. अताउल्ला, ज्यानं आराखडा केला आणि हंसपत राय, इंजिनिअर. बादशहाच्या घरची कबर आणि दारावर कारागिरांची नावं! अक्षरं मला वाचता येत नव्हती, तरी मी त्यांच्यावरून बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. हे मंगळवारी बंद असतं, तेवढं जाण्याआधी बघून घ्या. चौतीस लेणी आहेत, बौद्ध, हिंदू आणि जैन. सगळी एका दिवसात धावत केली तर एकही ध्यानात राहत नाही. मी दोनच नीट पाहिली. दहावं लेणं विश्वकर्म्याचं, त्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. आत मान वर केली की छताला लाकडी वासे दिसतात. ते वासे दगडाचे आहेत. लाकडात काम करून हात बसलेल्या माणसांनी दगडातही लाकूडच काढलं. खाली बुद्ध बसलेले. तिथं गारवा होता, मी भिंतीला टेकून बसले.

आणि मग कैलास, सोळावं लेणं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. डोंगर वरून खाली कापत आणलाय, आधी कळस, शेवटी पाया. लोक खालून बघून जातात. तुम्ही बाजूच्या पायवाटेनं डोंगरावर चढा, कड्याच्या काठापासून जरा लांब राहा आणि वरून बघा. मंडपाच्या छतावर कमळ आहे, त्यावर चार सिंह. वरून पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कापड एकदा कापलं की कापलं. कात्री चुकली तर अस्तर लावून, ठिगळ देऊन आपण सावरतो. इथं छिन्नी चुकली तर डोंगर परत कुठून आणायचा? आणि हे एका माणसाच्या हयातीत होणारं काम दिसत नाही. ज्यानं वरचे सिंह कोरले, त्यानं खालचे हत्ती पाहिले असतील का?

येताना दौलताबादला उतरले. यादवांची देवगिरी ती. किल्ल्यातल्या अंधारीपर्यंत, म्हणजे काळोख्या भुयारापर्यंत गेले, गुडघ्यांनी पुढं नको म्हटलं, तिथून फिरले.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं बोलते आहे, ते सांगते. पाणचक्की.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. खाम नदीच्या काठी आहे. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा, वडाचं मोठं झाड, समोर हौद आणि उंच भिंतीवरून त्या हौदात पाण्याच्या धारा पडतात. त्या पाण्यावर जातं फिरायचं. दर्ग्याशी येणारे फकीर, वाटसरू, गोरगरीब यांच्या भाकरीचं पीठ तिथं निघायचं. बैल नाही, माणूस नाही, नुसतं पाणी.

मला माझी आई आठवली. पहाटे चारला जात्याचा आवाज यायचा. दोन पायल्या ज्वारी दळून मग ती शेतात जायची. तिच्या हाताला खुंट्याचे घट्टे होते, ते मरेपर्यंत गेले नाहीत.

मग मी तिथल्या एका वयस्कर चाचांना विचारलं, पाणी भिंतीवर चढतं कसं? मोटार कुठं आहे? ते म्हणाले, "मोटर नहीं है बाई. कभी थी ही नहीं." त्यांनी मला नीट समजावलं. उत्तरेकडच्या डोंगराच्या बाजूला काही किलोमीटरवर पाण्याचा उगम आहे. तिथून जमिनीखालून भाजलेल्या मातीचे नळ टाकलेत. उगम उंचावर आहे, नळ बंद आहेत, त्यामुळं पाणी वाटेत कितीही खाली गेलं तरी इकडं पुन्हा वर येतं. गवंडी लेव्हल काढतो तो पाणी भरलेला पाईप पाहिलाय ना? एक टोक तिकडं, एक टोक इकडं, पाणी दोन्हीकडं सारखं. तेच आहे हे, फक्त पाईप डोंगरापासून शहरापर्यंतचा. मध्ये मध्ये हवा बाहेर पडायला उंच बुरुजासारखे बंबे बांधलेत, नाहीतर कोंडलेली हवा पाणी अडवते.

ही रीत या शहरात आणली मलिक अंबरनं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी पोरगा, निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० साली त्यानं खडकी वसवली. तेच आजचं संभाजीनगर. नावातच खडक. अशा जागी माणसं वसवायची तर आधी पाणी पाहिजे, हे त्यानं ओळखलं आणि नहर काढली. पाणचक्कीची नहर त्याच पद्धतीची, पण मागाहूनची.

श्रोतेहो, मी येलदरी धरणाच्या तालुक्यातली. आमच्याही नळाला उन्हाळ्यात आठ-आठ दिवस पाणी नसतं. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत ऐकलं. संभाजीनगरचं पाणी आज पैठणच्या जायकवाडीहून विजेच्या पंपांनी उपसून येतं आणि तरी तिथल्या घरांत ते रोज येत नाही. आणि त्याच शहरात विजेशिवाय, थेंबाची किंमत ओळखून आणलेलं पाणी माझ्या डोळ्यांसमोर पडत होतं. मी हौदाच्या काठावर बसून ओंजळीत ते घेतलं. चाचांनी पायऱ्या उतरून खालचं दालनही दाखवलं. त्या दालनाचं छत म्हणजे वरच्या हौदाचा तळ. डोक्यावर पाणी, म्हणून भर उन्हात खाली गारवा. सांडलेलं पाणीही वाया नाही, ते नदीला मिळतं.

मामंजींच्या त्या एकोणीस दिवसांत मी पाण्याच्या बाटल्या विकत आणत होते आणि हे सगळं जवळच होतं. त्या विचारानं मी तिथं रडले. कोणी विचारलं नाही, का रडते म्हणून. वडाखाली बसायला जागा होती.

दुपारी हिमरूचा, म्हणजे इथल्या वेलबुट्टीच्या कापडाचा माग पाहिला. ताणा सुताचा, बाणा रेशमाचा. मी विणकरांना म्हटलं, उलट्या बाजूनं दाखवा. ते हसले आणि कापड पालटलं. मागं रेशमाचे सुटे धागे लोंबत होते. पुढच्या वेलबुट्टीचं सगळं काम मागं दिसतं. शाल महाग होती. मी एक रुमाल घेतला.

जाता जाता विद्यापीठाच्या गेटपाशी रिक्षा थांबवली. १९५८चं विद्यापीठ, १९९४च्या १४ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागलं. गेटसमोर एक माणूस मुलीला उभं करून फोटो काढत होता. फोटो झाल्यावर त्यानं वाकून तिथल्या जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मुलीनंही तसंच केलं. मी रिक्षातूनच नमस्कार केला.

घरी आले तर आत्याबाई, माझ्या सासूबाई, जाग्या होत्या. त्यांचं वय शहात्तर. मामंजींनंतर संभाजीनगरचं नाव त्या ऐकून घेत नाहीत. मी त्यांना पाणचक्कीचं सांगायला लागले, पण नळाचं काही त्यांना उमगेना. मग कापायचं कापड जमिनीवर पसरलं आणि टेलरच्या खडूनं त्यावर काढून दाखवलं. इथं डोंगर, इथं उगम, हे मातीचे नळ, हा बंबा, ही भिंत, हे जातं. त्या बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिल्या. मग त्यांनी बोट ठेवून विचारलं, "आन् घाटी कुठशीक हाय?"

मी खडूनं एक छोटा चौकोन काढला, पाणचक्कीच्या जवळच.

"इतक्या जवळ?" म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "मला बी दाव की ते जातं."

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी जातोय. पंच्याहत्तरीच्या पुढं एसटी माफ आहे, त्यामुळं आत्याबाईंना तिकीट नाही. माझं निम्मं. खोली मी फोन करून ठेवली आहे, त्याच मुलीकडं.

नमस्कार.