पाबळचं हायस्कूल आणि आठवड्यातला तो एक दिवस

पुण्याहून नगर रोडने निघायचं, शिक्रापूर आलं की पाबळ फाट्याला आत वळायचं. पाऊस कमी, जमीन माळरानाची, उन्हाळ्यात टँकर ठरलेला. हे शिरूर तालुक्यातलं पाबळ. लोकांना हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे माहिती असतं आणि बरेचजण समाधी बघून परत पण फिरतात. आपण आज इथे आलोय ते मात्र शाळेसाठी, कारण साध्या ग्रामीण हायस्कूलमध्ये काय काय होऊ शकतं ते या गावाने अख्ख्या महाराष्ट्राला दाखवलंय, आणि त्याची पुरेशी चर्चाच झाली नाही असं मला मनापासून वाटतं.

इथल्या हायस्कूलमध्ये चालणाऱ्या कार्यक्रमाचं नाव आयबीटी. इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. आठवी, नववी, दहावी, आठवड्यातला एक दिवस. त्या दिवशी पोरं बाकावर नसतात. एक गट वर्कशॉपमध्ये, एक शेतावर, एक गॅसच्या शेगडीपाशी, एक इलेक्ट्रिकच्या बोर्डापाशी, आणि काही आठवड्यांनी गट फिरतात. म्हणजे चारही विभाग सगळ्यांना. मुलींनी शिवणकाम आणि मुलांनी वेल्डिंग अशी वाटणी इथे नाही. मुली होल्डर धरतात, मुलं चिक्कीचा पाक बघतात.

आधी वर्कशॉपमध्ये जाऊ. समजा शाळेला कुंड्या ठेवायला स्टँड पाहिजे. सर सांगतात, करा. मग पोरं आधी जागा मोजतात, कागदावर आकृती काढतात, किती फूट अँगल लागेल, किती पट्टी, वेल्डिंगचे रॉड किती, रंग किती, याचा हिशोब मांडतात, दुकानात जाऊन भाव विचारून येतात. त्यानंतर हॅकसॉने कापायचं, गुण्या लावून तपासायचं, चष्मा-हातमोजे घालून टाके मारायचे, ग्राइंडर फिरवायचा, रेड ऑक्साइड मारायचा. आणि शेवटी बिल. माल, वीज, मजुरी सगळं धरून. हे बिल करणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण शेकडेवारीचं गणित वहीत चुकलं तर एक मार्क जातो पण बिलात चुकलं तर गिऱ्हाईक समोर उभं असतं. गिऱ्हाईक म्हणजे खरंच गिऱ्हाईक हां, कधी शाळा, कधी ग्रामपंचायत, कधी शेजारचे काका ज्यांच्या गोठ्याचं दार मोडलंय. पोरांनी नुसतं शोकेसमधलं मॉडेल करायचं नाही, गावाला लागणारी वस्तू करून द्यायची, याला इथे लोकोपयोगी सेवा म्हणतात आणि सगळा कार्यक्रम त्याच्यावर उभा आहे.

बांधकामाचं पण तसंच. पायाची आखणी करताना गवंडी दोरी घेऊन तीन फूट, चार फूट आणि तिरकस पाच फूट मोजतो, म्हणजे कोपरा गुण्यात आला. पोरांनी ही दोरी स्वतः धरलेली असते, ओळंबा सोडलेला असतो, आणि मग पायथागोरसचं प्रमेय फळ्यावर आलं की ते ओळखीचं निघतं. सगळ्याच पोरांचं गणित यामुळे एकदम सुधारतं असा दावा मी करणार नाही, पण हे कशाला शिकायचं असा प्रश्न तरी पडत नाही.

आता गृह-आरोग्य. या विभागात पोरं रक्तगट तपासायला शिकतात, हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. टोचायच्या आधी एखादी घाबरते, मैत्रीण हात धरते, मग आकडा येतो आणि तो बऱ्याचदा कमी येतो. गावाकडच्या मुलींमध्ये रक्त कमी असणं हे आपण सगळे ऐकून आहोत, पण स्वतःचा आकडा स्वतः काढणं वेगळं असतं. मग लगेच पुढचा प्रश्न येतो, खायचं काय? शेंगदाणे, गूळ, तीळ, राजगिरा, पालेभाज्या. त्यातूनच चिक्की करायचं प्रात्यक्षिक, पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघायचा, पोळपाटावर तूप लावून लाटायची, वजन करून पाकीट करायचं, किंमत काढायची. तपासणीपासून पाकिटापर्यंत सगळं एकाच धाग्यात. शाळेत जीवशास्त्र, स्वयंपाक आणि हिशोब हे तीन विषय एकत्र आलेले मी तरी दुसरीकडे फार बघितले नाहीत.

शेतीकडे माती परीक्षण, रोपवाटिका, कलम बांधणं आहे. पण मला आवडलेली गोष्ट म्हणजे जनावराचं वजन. गाय काही काट्यावर चढत नाही. मग टेप घ्यायची, छातीचा घेर मोजायचा, अंगाची लांबी मोजायची, सूत्रात घालायचं, अंदाजे वजन निघतं. औषधाचा डोस आणि खुराक त्यावर ठरतो. पोरगं घरी जाऊन हे करून दाखवतं तेव्हा वडील पहिल्यांदा शाळेतल्या सूत्राकडे बघतात. आणि ऊर्जा-पर्यावरणात वायरिंग, अर्थिंग, पर्जन्यमापक, प्लेन टेबल (मोजणीची तिपाईवरची फळी) घेऊन जमिनीचा नकाशा. पाबळसारख्या कोरड्या भागात पावसाचे मिलिमीटर स्वतः रोज लिहून ठेवणाऱ्या पोराला दुष्काळ वेगळा समजतो.

हे सगळं आलं कुठून? डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ होते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून फूड टेक्नॉलॉजीत पीएचडी, नंतर मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठी जागा. ते सगळं सोडून ते आणि त्यांच्या पत्नी मीराताई १९८३ मध्ये पाबळला येऊन राहिले आणि विज्ञान आश्रम हे कामातून शिकवणारं केंद्र सुरू केलं. निवृत्तीच्या वयात लोक शहरात फ्लॅट बघतात, हे दोघं माळरानावर आले. कलबाग सरांचं म्हणणं सरळ होतं की माणूस काम करता करता शिकतो, लहान मूल तसंच शिकतं, मग शाळेतच आपण हात का बांधून ठेवतो. सुरुवातीला शाळा सोडलेल्या पोरांबरोबर काम झालं, पुढे गावच्या हायस्कूलमधून आयबीटी उभं राहिलं, राज्य बोर्डाने पूर्वव्यावसायिक विषय म्हणून त्याला मान्यता दिली. २००३ मध्ये सर गेले. पण त्याच्या आधी, २००२ मध्ये, अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठाची फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची प्रयोगशाळा, एमआयटीबाहेर जगात पहिल्यांदा सुरू झाली ती कुठे माहितीये? पाबळला. लेझर कटर आणि खुरपं एकाच आवारात.

विचार मात्र जुना आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, हाताच्या कामातून शिक्षण. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव आणला, त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. आणि नाईकांनीच उभी केलेली जी भारतीय शिक्षण संस्था, त्याच संस्थेचं केंद्र म्हणून विज्ञान आश्रम सुरू झाला. कार्यानुभवाचं बहुतेक शाळांमध्ये काय झालं ते आपल्याला आठवत असेल, खडूचे डबे आणि कागदी फुलं, आणि मार्क देऊन मोकळे. पाबळला ते टिकलं कारण इथे काम खरं होतं आणि शिकवणारा ते काम करून पोट भरणारा होता.

त्या शिकवणाऱ्यांबद्दल बोललंच पाहिजे. इथे वेल्डिंग शिकवणारा बीएड झालेला असेलच असं नाही. तो गावातला फॅब्रिकेटर असतो, शिवण शिकवणाऱ्या ताई गावातच ब्लाउज शिवतात. पोरं त्यांना सर आणि मॅडम म्हणतात. ज्या माणसाला गावाने कायम नुसता कारागीर म्हणून बघितलं तो फळ्यापाशी उभा राहतो, ही माझ्या मते या कार्यक्रमाची फार मोठी कमाई आहे आणि ती कुठल्या निकालाच्या टक्केवारीत येत नाही.

आणि अडचण पण तिथेच आहे. या लोकांना मानधन मिळतं, पगार नाही. एका दिवसासाठी स्वतःचं दुकान बंद ठेवून यायचं आणि मानधन वेळेवर आलं नाही तर कारागीर किती दिवस येणार. पुढे लेंड अ हँड इंडियासारख्या संस्थांनी हा कार्यक्रम कितीतरी शाळांपर्यंत नेला, आता नववी-दहावीला मल्टी स्किल नावाने तो सरकारी योजनेत पण आहे, हे चांगलंच झालं. पण कुठल्याही शाळेत लोखंड, रॉड, गूळ, बियाणं यांना पैसे लागतात, ग्राइंडर बंद पडतो, दहावी जवळ आली की पालक म्हणतात आता हे बास, अभ्यास घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत. स्वागत आहे, पण दहा दिवसांत हाताला वळण लागत नाही. वेल्डिंगचा टाका सरळ यायला महिने जातात, म्हणून दर आठवड्याचा दिवस पाहिजे आणि तो कच्च्या पोरांसाठी वेगळा काढलेला नको, डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्या पोरांना पण तोच पाहिजे.

तुमच्या गावच्या हायस्कूलमध्ये असा वर्ग चालू असेल तर एक करा. गेट, स्टँड, बाक, रोपं, शिवणकाम काहीही लागलं तर आधी शाळेत विचारा, रीतसर एस्टिमेट मागा आणि पोरांच्या हातात ऑर्डर द्या. काम थोडं उशिरा होईल, एखादा टाका परत मारावा लागेल, तेवढं चालवून घ्या. आणि बिल आलं की ते पूर्ण द्या, घासाघीस न करता.