एनजीसी १८५ चा उजेड मोजूया: सोलापूरहून, ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार मंडळी. देवयानी दीर्घिकेचे फोटो आपल्याकडे आता पुष्कळ जण काढतात, सुरेख काढतात. आजचं काम फोटोचं नाही, मोजमापाचं आहे. देवयानीच्या गोतावळ्यातली एक बटू दीर्घिका घ्यायची, एनजीसी १८५, आणि तिच्या केंद्रापासून कडेपर्यंत उजेड कसा उतरत जातो ते आकड्यांत मांडायचं. तिचा आकार, तिचा लांबटपणा, तिची कड, सगळं त्या एका आलेखातून निघतं. आणि आधीच सांगतो, यात दीर्घिका मोजणं सोपं आहे. आकाश मोजणं अवघड. त्यामुळे व्हिडिओचा बराच वेळ आकाशावरच जाणार आहे.

[पडद्यावर: शर्मिष्ठा आणि देवयानी तारकासमूह, एनजीसी १८५ आणि १४७ वर खूण]

मग देवयानीच्या दुसऱ्या दोन सोबतिणी, एम ३२ किंवा एम ११०, का नको? त्या जास्त तेजस्वी आहेत, सापडायलाही सोप्या. पण दोन्ही देवयानीच्या अंगाला चिकटून आहेत. एम ११० तर तिच्या केंद्रापासून अवघ्या अर्ध्या अंशाहून थोडी लांब. म्हणजे तुम्ही मोजाल त्यात देवयानीचा स्वतःचा उजेड मिसळलेला असणार, आणि तोही तिरका, एका बाजूला जास्त. सुरुवातीलाच ही कटकट नको. एनजीसी १८५ देवयानीपासून सुमारे सात अंश दूर, शर्मिष्ठेत आहे. विल्यम हर्शेलनी १७८७ साली शोधली. वाल्टर बाडे यांनी १९४४ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने तिच्यातले तारे सुटे करून दाखवले, तेव्हा ती आपल्या शेजारातली आहे हे नक्की झालं. अंतर सुमारे २० लाख प्रकाशवर्षं, एकूण प्रत ९.२ (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितकी वस्तू मंद), आकाशातला व्यास साधारण १२ कला. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला, हे हिशेब पुढे लागतील.

मॅजेलॅनिक मेघांबद्दल, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांबद्दल, बरेच जण विचारतात, म्हणून एका वाक्यात: सोलापूर १७.७ उत्तर अक्षांशावर आहे, इथून मोठा मेघ क्षितिजाच्या जेमतेम अडीच अंश वर येतो आणि लहान मेघाचं केंद्र क्षितिजाखालीच राहतं. मोजमापासाठी दोन्ही सोडून द्या.

[पडद्यावर: सोलापूर शहर, उत्तरेला बार्शी रस्ता, नान्नज]

आता जागा. एनजीसी १८५ आपल्याकडे सर्वांत उंच येते तेव्हा उत्तरेला ५९ अंश उंचीवर असते. त्यामुळे शहराच्या उत्तरेला जायचं, म्हणजे सोलापूरचा झगमगाट पाठीमागे राहतो. बार्शी रस्त्याने नान्नजच्या आसपासचा माळ चांगला आहे. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय शिरू नका, बाहेर ओळखीच्या कुणाचं तरी रान बघा. पुढे कधी अश्मंत किंवा शिल्पकार समूहातल्या बटू दीर्घिका घ्याल, तेव्हा उलटं करायचं: मंद्रूपच्या बाजूला दक्षिणेला जायचं.

वेळ म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्याला ती रात्री साडेनऊच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे त्या सर्वांत उंच जागी, येते, १ डिसेंबरला साडेआठला. त्याच्या आधी दोन तास, नंतर दोन तास ती ५० अंशांच्या वरच असते. अमावास्या हवी हे उघड आहे, पण लक्ष्मीपूजनाची नको. त्या रात्री अंधार असतो आणि आकाश फटाक्यांच्या धुरानं भरलेलं असतं. पुढची कार्तिक अमावास्या घ्या. तेव्हा कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो, शेजारी कुणी पाचट पेटवलं असेल तर त्या रात्री दुर्बीण पेटीतून काढूच नका. धुरानं तारे मंद होतात हा प्रश्न छोटा, कारण त्याच फ्रेममधल्या ताऱ्यांवरून आपण मोजपट्टी लावतो. मोठा प्रश्न हा की धूर उजेड पसरवतो, आणि तोही फ्रेमभर सारखा नाही.

[पडद्यावर: दुर्बीण, कॅमेरा, फिल्टर]

साहित्य: ८० मिलिमीटर व्यासाची, ४८० मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगाची दुर्बीण. ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा, ३००८ गुणिले ३००८ चा थंड करता येणारा मोनो, म्हणजे कृष्णधवल कॅमेरा, उणे १० अंशांवर. जॉन्सन व्ही फिल्टर, म्हणजे खगोलशास्त्रातला प्रमाणित हिरवट-पिवळा फिल्टर. रंगीत कॅमेरा असेल तर फक्त हिरवा चॅनेल घ्या, तो व्हीच्या बराच जवळ जातो. शहरी उजेड कापणारे फिल्टर इथे चालत नाहीत, कारण मग तुमचे आकडे कुठल्याच कॅटलॉगशी जुळणार नाहीत.

या जोडणीत एक पिक्सेल १.६२ विकलांचा होतो, त्याचं क्षेत्रफळ २.६ चौरस विकला. फ्रेम ८१ कलांची. दीर्घिका १२ कलांची, म्हणजे भोवती मोकळं आकाश भरपूर. हे मोकळं आकाश हीच आपली खरी गरज आहे. दहा इंची दुर्बीण लावून दीर्घिका फ्रेमभर करणारे इथेच फसतात, त्यांना आकाश मोजायला जागाच उरत नाही. एनजीसी १४७ शेजारीच ५८ कलांवर आहे, दोघी एका फ्रेममध्ये कोपऱ्याकोपऱ्याला बसतात. मोह होईल. फोटोसाठी ठीक, मोजायला दोन वेगळ्या फ्रेम.

[पडद्यावर: सूत्र मोठ्या अक्षरात]

मोजायचं काय? पृष्ठीय तेजस्विता, म्हणजे एका चौरस विकलेतून किती प्रतीइतका उजेड येतो. सूत्र असं: शून्यबिंदूतून २.५ गुणिले लॉग वजा करा, आणि लॉग कशाचा, तर दर सेकंदाला दर चौरस विकलेतून आलेल्या, म्हणजे उजेडामुळे सेन्सरमध्ये सुटलेल्या, इलेक्ट्रॉनांचा. शून्यबिंदू म्हणजे सेकंदाला एक इलेक्ट्रॉन देणाऱ्या ताऱ्याची प्रत. वरच्या जोडणीला तो १८.४ च्या आसपास यावा.

आता हे आकडे वहीत लिहून घ्या. समजा तुमच्या जागेवर आकाशाची तेजस्विता २०.५ आहे. दीर्घिका आपल्याला २५.५ पर्यंत मोजायची आहे. फरक पाच प्रतींचा, म्हणजे बरोबर शंभर पट. दोन मिनिटांच्या एका फ्रेममध्ये आकाश एका पिक्सेलला ४४ इलेक्ट्रॉन देतं, दीर्घिकेची कड देते ०.४४. अर्धाही नाही! अशा ६० फ्रेम, म्हणजे दोन तास, जोडल्या तर आकाश २,६०० आणि दीर्घिका २६. गोंगाट, म्हणजे आकड्यातला आपोआप होणारा चढउतार, साधारण ५२. एका पिक्सेलमध्ये तिचा पत्ताच लागणार नाही.

पण आपण एक पिक्सेल मोजत नाही, अख्खं कडं मोजतो. केंद्रापासून ८ कलांवर, १५ विकला रुंदीचं लंबवर्तुळाकार कडं घेतलं तर त्यात साडेतेरा हजार पिक्सेल येतात. सरासरी काढली की गोंगाटामुळे होणारी चूक दोन टक्क्यांच्या आत येते. छान वाटतं ना?

[थांबून]

आता आकाशाची पातळी फक्त ०.३ टक्के चुकवा. २,६०० चे ०.३ टक्के म्हणजे जवळपास ८ इलेक्ट्रॉन. दीर्घिका २६. उत्तर ३० टक्के चुकलं. मार्केट यार्डात क्विंटलभर ज्वारीच्या पोत्यात एक किलो जास्त आहे का ते बघायचंय, आणि काटाच पाव-अर्धा किलो हलतोय, असा हा प्रकार. दोन तासांऐवजी दहा तास फ्रेम घेतल्या तरी हा काटा सुधारत नाही. तो सुधारतो फ्लॅटनं, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्रेमनं; कॅमेरा कुठे कमी, कुठे जास्त उजेड दाखवतो ते तिच्यातून कळतं.

[पडद्यावर: फ्लॅट फ्रेम, कडा काळपट]

फ्लॅट संध्याकाळच्या आकाशाचे घ्या. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळपास सरळ खाली जातो, संधिप्रकाश झटकन संपतो, हातात दहा-पंधरा मिनिटंच असतात. म्हणून फोकस आणि कॅमेऱ्याची दिशा आधीच्या रात्रीची तशीच ठेवलेली बरी. दुर्बीण माथ्याच्या थोडी पूर्वेला, मावळतीच्या उलट बाजूला कलवा, तिथे आकाश सर्वांत एकसारखं असतं. तोंडावर पांढरं मांजरपाट दुहेरी, इस्त्री करून, सुरकुती न ठेवता ताणून बसवा. सोलापुरी चादर नको, तिचा विणीचा नक्षा फ्लॅटमध्ये शिरला नाही तरी जाडीमुळे उजेडच पुरणार नाही. १६ बिट मोजणीत २५ ते ३० हजारांच्या दरम्यान, किमान ३० फ्लॅट. त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. फिरवला, काढला, धूळ फुंकली, की फ्लॅट बाद. सोलापूरच्या धुळीत सेन्सरच्या काचेवर कण बसणारच. बसू द्या, फक्त फ्लॅट आणि फ्रेमच्या मध्ये ते हलले नाही पाहिजेत.

तपासणी अशी करा. दोन वेगवेगळ्या संध्याकाळचे एकत्रित फ्लॅट एकमेकांनी भागा. उत्तर फ्रेमभर १ यायला हवं. एका कोपऱ्यात १.०१ आणि दुसऱ्यात ०.९९ येत असेल तर २५.५ चं स्वप्न सोडा, २४ वर थांबा. बहुतेक वेळा दोष नळीच्या आतल्या चकाकीचा असतो; आतून काळी मखमल लावली की फरक दिसतो.

फ्रेम घेताना दर पाच फ्रेमनंतर दुर्बीण तीन-चार कला सरकवा, दर वेळी वेगळ्या दिशेला. दोन-चार पिक्सेलचं नेहमीचं डिदरिंग इथे पुरत नाही. शिवाय ओमायक्रॉन शर्मिष्ठा हा साडेचार प्रतीचा तारा साधारण एक अंशावर आहे. तो फ्रेमबाहेर असला तरी त्याचं भूत आत येऊ शकतं. दुर्बिणीसोबत जागा बदलणारा पुसट डाग दिसला तर तो दीर्घिकेचा नाही.

[पडद्यावर: सिरिल, मग पायथनची खिडकी]

डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम), फ्लॅट, जुळवणी हे सगळं सिरिल या खगोलचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीसारखं करा. एकच गोष्ट करू नका: पार्श्वभूमी काढून टाकणारं बटण दाबू नका. ते बटण फोटो सुंदर करतं, कारण कुठलाही मोठा, मऊ उजेड त्याला प्रदूषण वाटतो. आपली दीर्घिकेची कड म्हणजे नेमका मोठा, मऊ उजेड. ती गुपचूप खाल्ली जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. चित्र उजळवण्यासाठी ताणूही नका, फिट्स फाइल रेषीय राहू द्या, म्हणजे दुप्पट उजेडाला दुप्पट आकडा.

मग मुखवटे. ही जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ असल्यानं पुढे आपल्याच ताऱ्यांची गर्दी आहे. गाया या ताऱ्यांच्या कॅटलॉगवरून प्रत्येक तारा झाका, तेजस्वी ताऱ्याला मोठं वर्तुळ. झाकलेल्या जागी शून्य भरू नका, 'आकडा नाही' अशी खूण ठेवा. शून्य भरलं की सरासरी कोसळते.

आकाशासाठी केंद्रापासून १८ ते ३० कलांच्या पट्ट्यात एक कला बाय एक कला असे ३०-४० चौकोन टाका. प्रत्येकाचा मध्यक काढा. या मध्यकांना फार तर एक सपाट, तिरकी पातळी बसवा. वाकडा पृष्ठभाग नको, तो पुन्हा दीर्घिका खातो. आणि पातळी काढल्यावर चौकोनांमध्ये जी तफावत उरते, तीच तुमची आकाशाची खरी चूक. सॉफ्टवेअर देतं तो वर्गमुळाचा छोटासा आकडा नव्हे.

शून्यबिंदूसाठी एपॅस या ताऱ्यांच्या प्रतींच्या कॅटलॉगमधले १२ ते १५ प्रतीचे ३०-४० तारे पुरेत. मोजायचं वर्तुळ १० ते १२ विकला त्रिज्येचं घ्या. लहान घेतलं तर ताऱ्याचा पसरलेला उजेड बाहेर राहतो, आणि दीर्घिका कारण नसताना काही टक्के तेजस्वी दिसते.

पुढे पायथनच्या फोटयुटिल्समधलं समतेज लंबवर्तुळांचं साधन चालवा. प्रत्येक कड्याला तेज, लांबटपणा आणि दिशा मिळते. लांबटपणा शून्य म्हणजे वर्तुळ; एनजीसी १८५ चा ०.२ च्या आसपास यायला हवा. आलेख आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर तेजस्विता असा मांडा.

[पडद्यावर: तीन आलेख शेजारी शेजारी]

हे तीन आलेख नीट बघा. पहिला संथ उतरत जातो, तो ठीक. दुसरा मध्येच कड्यावरून पडल्यासारखा खाली जातो: आकाश जास्त वजा झालंय. तिसरा शेवटी आडवा होतो, आणि लोक उत्साहानं म्हणतात, दीर्घिकेभोवतीचं पुसट प्रभामंडळ सापडलं! नाही. आकाश कमी वजा झालंय. खात्रीसाठी बाहेरपर्यंतचा एकूण उजेड बेरजेनं काढत जा. बेरीज एका पातळीवर स्थिरावली पाहिजे. ती चढतच राहिली किंवा उतरायला लागली तर चौकोनांकडे परत जा. एकूण प्रत ९.२ ऐवजी ९.६ आली तरी दोष बहुधा तिथेच. शिवाय ६० फ्रेमचे दोन गट करा, पहिला तास आणि दुसरा तास, आणि दोन्हींचे आलेख एकमेकांवर ठेवा. जिथे ते फाटतात, तिथे तुमचं मोजमाप संपलं.

शेवटी आलेखाला सेर्सिकचं सूत्र बसवायचं, अर्जेंटिनाच्या होसे लुईस सेर्सिक यांचं; दीर्घिकेचा उजेड केंद्रापासून कसा उतरतो ते ते सांगतं. त्यात तीन गोष्टी निघतात: अर्धा उजेड सामावणारी त्रिज्या, तिथलं तेज, आणि एन हा घातांक. एन १ असेल तर आलेख सरळ रेषा. मधल्या २० विकला वगळा. तिथे धूळ आहे, तरुण तारे आहेत, त्यांना हे सूत्र लागू नाही. त्रिज्या ३ कलांच्या आसपास यावी, म्हणजे साधारण १,७५० प्रकाशवर्षं. एनवर मात्र फार जीव लावू नका, आकाशाची पातळी किंचित हलली की तो लगेच वरखाली होतो. आकाश चुकीइतकं वर आणि खाली करून तीनदा बसवा आणि मिळालेला पल्ला सांगा. आपल्या आकाशगंगेतल्या धुळीमुळे या दिशेला व्हीमध्ये सुमारे अर्धी प्रत उजेड कमी होतो, तेवढी दुरुस्ती तेजस्वितेत करायची राहू देऊ नका.

हे जमलं की एनजीसी १४७ कडे वळा. ती जास्त लांबट आहे, ०.४५ च्या आसपास, आणि जास्त पसरट, त्यामुळे आकाशाचे चौकोन आणखी बाहेर न्यावे लागतात. तिला लांब शेपट्या आहेत, देवयानीच्या ओढीनं निघालेल्या. पण त्या हवाईतल्या ३.६ मीटर दुर्बिणीने एकेक तारा मोजून सापडल्या आहेत, उजेडावरून नाही. तुमच्या ८० मिलिमीटरच्या चित्रात शेपटी दिसली, तर आधी त्या संध्याकाळचा फ्लॅट दुसऱ्या संध्याकाळच्या फ्लॅटनं भागून बघा.