घसरतं की चढतं?

नमस्कार श्रोतेहो. मुंबईच्या आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोने कोणी फिरून आला, की आधी तिचं कौतुक करतो आणि मग हळूच विचारतो, "खाली भुयारात ती रुळावरून घसरली तर?" घसरू शकते. भुयार असो की मडगावचं स्टेशन, लोखंडी चाकाचा आणि लोखंडी रुळाचा हिशेब एकच.

चाकाच्या आतल्या बाजूला एक कड असते. उंची 28 ते 30 मिलिमीटर, अंगठ्याच्या पेराएवढी. ही कड डब्याला रुळावर ठेवते. दूधसागरच्या वळणांवर गाडी किंचाळते ना, त्यात या कडेच्या घासण्याचा आवाज असतो. आपण म्हणतो गाडी 'घसरली'; कित्येकदा ती चढलेली असते. कड बाहेरच्या रुळाला रेटते, घर्षण पुरेसं मिळतं आणि चाक रुळाच्या कुशीवरून माथ्यावर जाऊन पलीकडे उतरतं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा: बाजूचा रेटा वाढलेला, वरचा भार घटलेला.

आता टोकियोला चला. 8 मार्च 2000, सकाळचे नऊ. हिबिया या मेट्रो मार्गाची आठ डब्यांची गाडी भुयारातून वर येऊन नाका-मेगुरो स्टेशनात शिरत होती. वेग किती? आपला पोदेर पाव घेऊन सायकल मारतो, जवळपास तेवढाच. तरी शेवटच्या डब्याचं पुढचं चाक रुळावर चढलं आणि उतरलं. डबा तसाच फरफटत पुढे गेला, सांध्याजवळ, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवतात तिथे, बाजूला फेकला गेला आणि समोरून येणाऱ्या गाडीला घासला. पाच माणसं गेली.

ना वेग, ना तुटलेला रूळ. मग झालं काय? वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात. वळण संपताना तो हळूहळू आतल्या रुळाच्या पातळीला आणावा लागतो, म्हणून तेवढ्या पट्ट्यात रस्ता पिळलेला असतो. हॉटेलातलं डुगडुगणारं टेबल आठवा: तीन पाय टेकलेले, चौथा अधांतरी. बोगीचं, म्हणजे डब्याखालच्या चार चाकांच्या सांगाड्याचं, पुढचं, बाहेरचं चाक हा तो चौथा पाय. त्यात डाव्या-उजव्या चाकांवरचा भार सारखा नव्हता, आणि रुळावरचं घर्षणही वाढलेलं. एकेक कारण क्षुल्लक, सगळी एकाच चाकावर येऊन बसली.

अशा वळणावर आतल्या रुळालगत आणखी एक रूळ बसवतात, गार्ड रेल. तो आतल्या चाकाची पाठ धरून ठेवतो, म्हणून बाहेरच्या चाकाला चढायला वावच राहत नाही. त्या मेट्रोचा नियम होता: त्रिज्या 140 मीटर किंवा कमी असेल तरच गार्ड रेल. हे वळण 160 मीटरचं! नियम पाळला होता, गार्ड रेल नव्हता. त्यानंतर जपानात 200 मीटरपर्यंतच्या वळणांना गार्ड रेल आले, आणि दोन्ही बाजूंच्या चाकांच्या भारातला फरक 10 टक्क्यांच्या आत ठेवायचं ठरलं. पुन्हा सांगतो, रेटा जास्त, भार कमी.

बाकीची कारणं सरळ आहेत. स्पेनमधल्या वलेन्सियात 3 जुलै 2006 रोजी ताशी 40 किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी 80 ने गेली, 43 मृत्यू. मॉस्कोत 15 जुलै 2014 ला सांध्याचा भाग जाड तारेने बांधून ठेवला होता, ती तुटली, 24 मृत्यू. वेग रोखणारी यंत्रणा असते, पण तार बांधणाऱ्याला कोण रोखणार? आणि हो, आपल्या गोव्यातही अधूनमधून मेट्रोची टूम निघते. रात्री आठनंतर पणजीहून गावाकडे जाणारी बस आधी मिळू दे, मग भुयारं खणू.

आता डब्यात बसलेल्याने काय करायचं? हादरे बसू लागले की खांब धरा, दारापासून दूर व्हा, गाडी थांबल्यावर चालकाशी बोलायचं बटण दाबा आणि आतच थांबा. दार उघडून खाली उडी नको. मुंबईच्या त्या मेट्रोत वीज वरच्या तारेतून येते. पण कोलकाता आणि बंगळुरूला ती रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून येते, 750 व्होल्ट, आणि भुयाराच्या अंधारात तो रूळ दिसत नाही.