एका शब्दाने वाचलेलं गाव

(दृश्य: डोंगरांच्या मधलं सपाट खोरं, कुरणं, मधोमध एक जुनं गाव.)

हे गाव ल्यीविया. चहूबाजूंनी फ्रान्सची जमीन, पण गाव स्पेनचं! अवघं १३ चौरस किलोमीटर.

१६५९ साली पिरेनीजचा तह झाला आणि रूसियों प्रांत स्पेनच्या हातून फ्रान्सकडे गेला. सेर्दान्यचं हे एकसंध खोरं मात्र मधूनच तोडलं. पुढच्या वर्षी दोन्हीकडचे अधिकारी याच ल्यीवियात बसले आणि ३३ खेडी फ्रान्सच्या नावावर लागली. ल्यीविया सुटलं. का? त्याला नगराचा दर्जा होता, आणि ठरलं होतं खेडी द्यायचं. एवढ्या एका शब्दावर साडेतीनशेहून अधिक वर्षं ही सीमा उभी आहे.

(दृश्य: बर्फाच्छादित कार्लित, मग समुद्रकिनारा.)

फ्रान्सकडे आलेल्या या मुलखाचा १७९० मध्ये, राज्यक्रांतीच्या काळात, पिरेने-ओरिएंताल हा देपार्तमां झाला. देपार्तमां म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पूर्वेला भूमध्य समुद्र, दक्षिणेला स्पेन, पश्चिमेच्या टोकाला अँडोरा. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या आत कार्लितचं २,९२१ मीटर उंच शिखर.

मुख्यालय पर्पिन्यां, खाली मैदानात. सरकारने नेमलेला प्रीफे तिथे बसतो. शिवाय लोकांनी निवडलेली परिषद आहे: १७ मतदारसंघ, प्रत्येकातून एक स्त्री आणि एक पुरुष. ही जोडीची पद्धत मला फार आवडली.

पण सेर्दान्यच्या माणसाला उपविभागाच्या कामासाठी घाट उतरून प्रादला जावं लागतं. स्पेनमधलं पुइगसेर्दा मात्र हाकेच्या अंतरावर. म्हणून २०१४ मध्ये तिथे दोन्ही देशांनी मिळून एक रुग्णालय सुरू केलं. इमारत स्पेनच्या हद्दीत, रुग्ण दोन्हीकडचे. खोरं एकच आहे, हे आजारी माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

(दृश्य: पिवळी छोटी आगगाडी वळण घेत येते.)

खालच्या विलफ्रांश गावाहून ६३ किलोमीटर चढत-उतरत आलेली ही गाडी याच खोऱ्यात, फ्रान्सच्या बाजूला, लातूर-द-कारोलला थांबते. आपल्या लातूरची आठवण होईल. इथे 'ला तूर' म्हणजे बुरूज. स्थानकात रूळ नीट पाहा. पिवळ्या गाडीचे एक मीटर रुंदीचे. तुलूझहून येणारे त्याहून रुंद. बार्सिलोनाहून येणारे सगळ्यांत रुंद. तिन्ही मार्ग इथेच संपतात. पुढे जायचं असेल, तर सामान उचलून दुसऱ्या फलाटावर जायचं.