नवी विहीर, जुनी शेजारीण

[दृश्य: मिडलँडबाहेरचं माळरान. ड्रोन हळूहळू वर चढतो.]

पश्चिम टेक्ससमधलं मिडलँड. वरून पाहिलं तर खुरटी झुडपं, धुळीचे रस्ते आणि जागोजागी पंपजॅक, म्हणजे तेल उपसणारे डुलते पंप. खरा कारभार चालतो खाली, अडीच-तीन किलोमीटर खोल, वुल्फकँप नावाच्या थरात. अमेरिकेतलं सगळ्यात जास्त तेल देणाऱ्या पर्मियन खोऱ्याचा हा गाभा.

इथली विहीर आधी सरळ खाली उतरते, मग आडवी वळते आणि थरातून दीड-दोन मैल पुढे जाते. त्यानंतर फ्रॅकिंग. पाणी, वाळू आणि थोडी रसायनं प्रचंड दाबाने आत सोडतात. खडक तडकतो, वाळू भेगा मिटू देत नाही आणि त्या भेगांतून तेल विहिरीत येतं. भेगांच्या पलीकडचं तेल मात्र जवळपास जागेवरच राहतं, इतका हा खडक घट्ट.

मग जुन्या विहिरीपासून थोडं सरकून नवी मारली, तर तिला कोरा खडक मिळायला हवा. बऱ्याच कंपन्यांनी हाच हिशेब मांडला. नकाशावर जवळजवळ रेघा ओढल्या, विहिरी मोजल्या आणि तो आकडा गुंतवणूकदारांपुढे ठेवला.

[दृश्य: अ‍ॅनिमेशन. एक आडवी विहीर, भोवती भेगांचं जाळं. शेजारी दुसरी विहीर येते.]

जुन्या विहिरीला इथे 'पेरेंट' म्हणतात, मागाहून आलेल्या शेजारणीला 'चाइल्ड'. पेरेंटने काही वर्षं तेल उपसलं, की तिच्या भोवतीच्या खडकातला दाब उतरतो आणि ताणही बदलतो. आता चाइल्डचं फ्रॅकिंग सुरू झालं, की भेगा दोन्ही बाजूंना सारख्या पसरत नाहीत. त्या धावतात कमी दाबाकडे, म्हणजे आधीच उपसलेल्या खडकाकडे. पाणी तिकडे, वाळू तिकडे. दुसऱ्या बाजूचा ताजा खडक तसाच राहतो.

[दृश्य: जुन्या विहिरीच्या तोंडावरचा दाबमापक. काटा वर चढतो.]

जुन्या विहिरीवर उभं राहिलं तर हे डोळ्यांना दिसतं. शेजारी फ्रॅकिंग चालू असताना इथल्या दाबमापकाचा काटा एकाएकी उसळतो. याला 'फ्रॅक हिट' म्हणतात. कधी नळीत वाळू भरते, कधी कितीतरी दिवस तेलाऐवजी पाणीच येत राहतं.

मराठवाड्यात शेजाऱ्याने खोल बोअर मारला की आपला आटतो. इथे गणित बरंचसं उलटं. जुनीला धक्का बसतो खरा, पण कायमची कमी पडते ती बहुतेकदा नवी.

मग सगळ्या विहिरी एकदमच का नाही खोदल्या? याचं उत्तर भाडेपट्ट्यात आहे. टेक्ससमध्ये जमिनीखालचं तेल खाजगी मालकीचं असू शकतं. आपल्यासारखं ते सरकारचं नसतं. मालक कंपनीला ठरावीक मुदतीचा पट्टा देतो, बऱ्याचदा तीन वर्षांचा. मुदतीत तेल निघालं तर पट्टा टिकतो, नाहीतर हातचा जातो. त्यामुळे तेजीच्या वर्षांत कंपन्या एका तुकड्यावर एक विहीर मारून पुढच्या तुकड्याकडे पळाल्या. पट्टे वाचले आणि जागोजागी पेरेंट तयार झाल्या.

नव्या विहिरी कमी पडतायत हे लवकर दिसलं नाही, त्याला कारण आकडे मांडायची पद्धत. नव्या विहिरी जास्त लांब, त्यांत वाळूही जास्त. साहजिकच दर विहिरीमागचं उत्पादन झकास दिसतं. तेच दर फुटामागे काढा, वाळूचाही हिशेब धरा, मग चित्र पालटतं. माझ्या मते लांबी न सांगता दिलेला विहिरीचा आकडा ऐकूनच घेऊ नये.

[दृश्य: न्यू मेक्सिको, ली काउंटी.]

2019 साली कॉन्चो रिसोर्सेस या कंपनीने इथे, पर्मियन खोऱ्याच्याच न्यू मेक्सिकोतल्या भागात, 'डॉमिनेटर' नावाच्या प्रकल्पात 23 विहिरी एकमेकींपासून जेमतेम 230 फुटांवर, म्हणजे सत्तरएक मीटरवर बसवल्या. इथे तर सगळ्या एकाच पिढीतल्या, तरी एकीने दुसरीच्या तोंडचं तेल पळवलं. 1 ऑगस्टला कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे 22 टक्के कोसळला. 'आम्ही विहिरी फार जवळ घेतल्या,' हे कंपनीने मान्य केलं.

त्यानंतर बऱ्याच ठिकाणी अंतरं वाढली. कोऱ्या तुकड्यावर आता अनेक कंपन्या वरच्या-खालच्या थरांतल्या विहिरी एकाच फेरीत खोदतात, म्हणजे कुणी आधीची नाही, कुणी मागची नाही. यात पैसा आधी ओतावा लागतो आणि तेल मात्र महिनोन्महिने दिसत नाही. छोट्या कंपनीला हे झेपत नाही.

जिथे पेरेंट आधीच बसलेली आहे, तिथे तिला काही काळ बंद ठेवतात, तिच्यात पाणी भरून दाब चढवतात, क्वचित तिचंच पुन्हा फ्रॅकिंग करतात आणि मगच शेजारी रिग, म्हणजे खोदाईचं यंत्र, उभी करतात. त्याने नुकसान काही अंशी भरून निघतं. उपसलेला खडक मात्र पुन्हा कोरा होत नाही.